घरगुती टीएलसी: थर सुटणे, द्रावक वाकडा चढणे आणि आरएफ दर वेळी बदलणे

टीएलसी म्हणजे पातळ थराची क्रोमॅटोग्राफी: थरावर खाली नमुन्याचा ठिपका द्यायचा, प्लेट थोड्या द्रावकात उभी करायची, आणि द्रावक वर चढताना मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ठिपका जितका चढला त्याला द्रावक जितका चढला त्याने भागले की आरएफ मिळतो. घरी बनवलेल्या सिलिकाच्या प्लेट्सबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. द्रावकात उभी करताच थर खालून सुटून पडतो. थर टिकलाच तर द्रावक एका बाजूने पुढे पळतो. तेही सावरले, तर हळदीचा जो ठिपका मे महिन्यात प्लेटच्या मध्यावर थांबत होता, तो जुलैत वर जाऊन बसतो. मग घाईघाईने पावडर, बरणी आणि द्रावकाचे प्रमाण असे सगळे एकदम बदलले जाते. त्यातून प्लेट सुधारली तरी ती कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला तोच घोळ पुन्हा सुरू होतो.

इथे गृहीत धरलेली मांडणी अशी: ७५ × २५ मिमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, त्यांवर सिलिका जेल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर, झाकणाची काचेची बरणी आणि स्पिरिटच्या दिव्यावर ओढलेल्या केशनलिका. प्रयोगशाळेतल्या महागड्या संचाची यात कुठेच गरज लागत नाही. पैसे वाचवायचे ते बरणीत, थर पसरण्याच्या साधनात आणि दिव्यात वाचवावेत. पावडर मात्र टीएलसीसाठीचीच विकत घ्यावी.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: प्लेटमध्ये, बरणीत (द्रावक त्यातच धरा) किंवा ठिपक्यात. हे वेगळे करायला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरची तयार टीएलसी शीट एकदाच विकत घ्या. २० × २० सेमीच्या शीटमधून काचपट्टीच्या मापाचे सोळा तुकडे निघतात आणि वर ५ सेमीची पट्टी उरते. धारदार कात्रीने, थराची बाजू वर ठेवून कापा. हे तुकडे रोजच्या वापराचे नाहीत, मोजपट्टी म्हणून जपून ठेवायचे आहेत.

चाचणीसाठी पालक उत्तम. दोन-तीन पाने धुऊन फडक्याने पूर्ण कोरडी करा, चिमूटभर खाण्याच्या सोड्यासह खलात वाटा, ५ मिली ॲसिटोन घाला आणि कापसातून गाळा. द्रावक म्हणून हेक्झेन ७ भाग आणि ॲसिटोन ३ भाग. एकाच अर्काचे ठिपके तयार तुकड्यावर आणि घरच्या प्लेटवर द्या आणि दोन्ही एकाच बरणीत, लागोपाठ चालवा.

तयार तुकड्यावर वरून खाली असा क्रम दिसायला हवा: द्रावकाच्या रेघेजवळ (द्रावक चढून जिथवर पोचला तिथे) पिवळे-नारिंगी कॅरोटीन, त्याखाली करडे फिओफायटिन (मॅग्नेशियम गेलेले क्लोरोफिल), मग निळसर हिरवे क्लोरोफिल ए, पिवळसर हिरवे क्लोरोफिल बी आणि त्याखाली ल्युटिनसारखे पिवळे ठिपके. तयार तुकडा नीट आला आणि घरची प्लेट बिघडली, तर दोष प्लेटचा. दोन्ही सारख्याच बिघडल्या तर प्लेटला हात लावू नका, दोष बरणीत किंवा ठिपक्यात आहे. सोडा विसरू नका. वाटताना पानातली आम्ले मोकळी होतात, क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि करडा ठिपका मोठा होतो. सिलिकाही थोडी आम्लधर्मी असते, म्हणून ठिपका देऊन प्लेट तशीच तासभर ठेवली तरी हेच होते. तो प्लेटचा दोष समजून लोक उगाच पावडर बदलत बसतात.

थर सुटतो

सगळ्यात जास्त प्लेट्स इथेच वाया जातात. सिलिकाचे कण आपापसात किंवा काचेला धरून राहत नाहीत. १९३८ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव्हला इझ्माइलोव आणि श्राइबर या संशोधकांनी काचेवर ॲल्युमिनाचा थर देऊन वनस्पतींचे अर्क तपासले, तेव्हा त्या थरात बांधणारे काही नव्हते. १९५१ मध्ये किर्श्नर यांच्या गटाने बांधण्यासाठी पिठूळ स्टार्च वापरला. एगॉन श्टाल यांनी पन्नाशीच्या दशकात सिलिका, जिप्सम आणि पाव मिलिमीटरचा थर अशी जी पद्धत बसवली, तीच आज घरी करायची आहे. बाटलीवर ‘सिलिका जेल जी’ लिहिलेले असते त्यातला ‘जी’ म्हणजे हे जिप्सम (प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याने आळले की जिप्समच बनते). ते साधारण १३ टक्के असते.

म्हणजे जी प्रतीची पावडर मिळाली तर वरून प्लास्टर घालायचेच नाही. ‘एच’ प्रत (जिप्सम नसलेली) किंवा नुसती टीएलसी सिलिका असेल तर १० ग्रॅम मिश्रणात ८.७ ग्रॅम सिलिका आणि १.३ ग्रॅम प्लास्टर. पाणी २० मिली. पाण्यासाठी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर चालते. बाटली नीट वाचून घ्या, त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही असते. बोअरचे जड पाणी घेऊ नका. त्यातले क्षार थरात राहतात आणि काही रंगद्रव्यांना धरून ठेवतात.

थर कसा सुटला ते नीट पाहिले की कारण बहुधा समजते.

*बुडालेला भाग चिखलासारखा ओघळतो.* बांधणी झालेलीच नाही. बहुतेक वेळा प्लास्टर मेलेले असते. उघड्या पिशवीतले प्लास्टर हवेतला ओलावा घेऊन पिशवीतच जिप्सम बनून बसते आणि मग पाणी घातले तरी आळत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर जुनी पिशवी उघडली की हे हमखास होते. तपासणी सोपी आहे: १० ग्रॅम प्लास्टर ६ मिली पाण्यात कालवा. ताजे असेल तर पंधरा-वीस मिनिटांत इतके घट्ट होते की नखाने ओरखडा उठत नाही, आणि हाताला कोमट लागते. तसे झाले नाही तर ते फेकून द्या. प्रमाण वाढवून उपयोग होत नाही.

प्लास्टरची प्रत हाही प्रश्न आहे. छताच्या कामाच्या प्लास्टरमध्ये खडूची पूड आणि आळणे लांबवणारी द्रव्ये असू शकतात. चमचाभर प्लास्टरवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसले तर खडू आहे. चुना आहे का ते हळदीचा ठिपका सांगतो: थरावर ठिपका पिवळा न राहता लालसर झाला तर थर अल्कधर्मी आहे. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते याच गुणामुळे. दाताच्या डॉक्टरांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातले प्लास्टर शुद्ध असते. किलोभर घेऊन लहान लहान घट्ट डब्यांत भरून ठेवले की वर्षानुवर्षे पुरते.

*थर सुकल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागते.* इथे प्लास्टर चांगले असते, पण वेळ चुकलेली असते. स्लरी (पावडर आणि पाण्याचा पातळ लगदा) बंद बाटलीत एक ते दीड मिनिट जोरात हलवायची आणि त्यानंतर तीन-चार मिनिटांच्या आत पसरून संपवायची. जिप्समचे सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात तेव्हा थर धरतो. स्लरी दाटू लागल्यावर ढवळली, किंवा वरून पाणी घालून पातळ केली, तर त्या सुया मोडतात आणि पुन्हा तशा जुळत नाहीत. आळलेल्या सिमेंटमध्ये पाणी घालून ते वापरणारा गवंडी जी चूक करतो तीच ही. म्हणून स्लरी कालवण्याआधी पट्ट्या मांडून तयार हव्यात, आणि एका वेळी १० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर भिजवू नये. एवढ्यात वीसेक पट्ट्या निघतात.

जास्त भाजल्यानेही अशीच भुकटी सुटते. प्लेट १०५ ते ११० अंशांवर अर्धा तास पुरे. तापमान १२०च्या पुढे गेले की जिप्सममधले पाणी झपाट्याने निघू लागते आणि बांधणी सैल होते. घरच्या ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. तव्यावर प्लेट तापवणे टाळा. काच खालून एका जागी तापते, आणि तिथला थर आधी सुटतो.

*थर पापुद्र्यासारखा सलग उचलला जातो.* काच तेलकट आहे. नव्या डब्यातल्या पट्ट्याही तशाच वापरू नका. भांड्याच्या साबणाने घासा, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, भरपूर पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पट्टी उभी धरल्यावर पाण्याचा सलग पडदा राहिला तर काच स्वच्छ आहे. पाण्याचे मणी झाले तर पुन्हा धुवा. त्यानंतर पट्टी फक्त कडांनी धरायची. अंगठ्याचा ठसा उमटला तर थर बरोबर तेवढाच, ठशाच्या आकारात सुटतो.

*सुकताना भेगा पडतात.* थर जाड आहे किंवा घाईने सुकवला आहे. पंखा बंद ठेवा, उन्हात नेऊ नका आणि ओला थर थेट ओव्हनमध्ये घालू नका. ओल्या थराची चमक जाऊन तो निस्तेज होईपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटे, सपाट जागी राहू द्या. मगच भट्टी.

आणखी एक सल्ला सर्रास दिला जातो: प्लास्टर नसेल तर पांढरा लाकडी गोंद घाला. तो ऐकू नका. तो गोंद पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो आणि ॲसिटोन किंवा एथिल ॲसिटेटमध्ये विरघळतो, म्हणजे नेमके जे द्रावक वापरायचे त्यातच. मक्याच्या पिठाची खळ चांगली धरते, पण मग आयोडीनच्या वाफेत रंगहीन ठिपके पाहण्याची चाचणी हातची जाते, कारण सगळी प्लेट निळी-काळी पडते. खळ वापरायचीच असेल तर ती फक्त रंगीत नमुन्यांसाठी.

बूट-पर्सच्या डब्यातल्या सिलिकाच्या पुड्या कुटून पावडर करण्याचा मोह बहुतेकांना होतो. ते दाणे ओलावा शोषण्यासाठी बनवलेले असतात. त्यांची छिद्रे टीएलसीच्या जेलपेक्षा बरीच बारीक असतात, आणि खलात कुटून कण एकसारखे होत नाहीत: काही धूळ, काही रवा. थर खडबडीत येतो आणि ठिपके पसरतात. निळे दाणे तर अजिबात कुटू नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. स्तंभ क्रोमॅटोग्राफीसाठी (काचेच्या उभ्या नळीत भरायला) मिळणारी ६०–१२० जाळीची (मेश) सिलिकाही चालत नाही. तिचे कण १२५ ते २५० मायक्रॉनचे असतात, म्हणजे पाव मिलिमीटरच्या थरात जेमतेम एक-दोन कण मावतात. टीएलसीचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे हवेत. कोणतीही कोरडी सिलिका पावडर हाताळताना मास्क लावा आणि सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा.

एकसारखा थर पसरण्याचे साधन

एक सपाट काचेचा तुकडा, सेलोटेप आणि १० ते १२ मिमी जाडीचा सरळ स्टीलचा किंवा काचेचा दांडा, एवढेच लागते. पट्ट्या एकमेकींना चिकटवून ओळीत मांडा. दोन्ही बाजूंना तशाच पट्ट्यांचे रूळ ठेवा आणि फक्त रुळांवर टेप लावून त्यांना पाव ते ०.३ मिमी उंची द्या. टेपची जाडी अंदाजाने धरू नका: दहा थर एकावर एक चिकटवून व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि दहाने भागा. साध्या सेलोटेपचे पाच-सहा थर लागतात, विजेच्या कामाच्या टेपचे दोन. स्लरी एका टोकाला ओता आणि दांडा न फिरवता, न थांबता, एकाच दमात ओढा. दांडा गोल फिरला की थरावर लाटा उठतात.

इथली छुपी अडचण काचपट्ट्यांचीच असते. वेगवेगळ्या डब्यांतल्या पट्ट्यांच्या जाडीत ०.१ मिमीचा फरक सहज निघतो. काचेच्या मानाने तो काहीच नाही, पण पाव मिलिमीटरच्या थरात तो ४० टक्के होतो. एकाच डब्यातल्या पट्ट्या घ्या आणि त्याही मोजून जुळवा. जुळत नसतील तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही लांब कडांवर स्वतंत्र टेप लावा. मग जाडीतला फरक आपोआप बाद होतो, फक्त वापरायची रुंदी कमी मिळते. थराची चमक गेल्याबरोबर टेप अगदी आडवी धरून ओढून काढा. पूर्ण सुकल्यावर काढली तर कडा तुटतात. काचेवर राहिलेला चिकटा ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून घ्यायलाच हवा, नाहीतर तोच विरघळून प्लेटवर चढतो.

द्रावक वाकडा चढतो

बरणी जागच्या जागी अर्धी फिरवून तीच चाचणी पुन्हा करा. द्रावक खोलीच्या त्याच दिशेला पुढे पळत असेल तर टेबल उतरते आहे किंवा त्या बाजूला ऊन-वारा लागतो आहे. बरणीबरोबर दिशा बदलली तर दोष बरणीच्या तळाचा. आणि प्लेट उलटसुलट ठेवून बघताना दिशा प्लेटबरोबर बदलली तर थर एका बाजूला जाड आहे. या तीन चाचण्यांना अर्धा तास लागतो आणि त्या टाळून पुढे जाण्यात काही अर्थ नाही.

लोणच्या-जॅमच्या बरण्यांचा तळ मध्ये फुगलेला असतो. त्यामुळे मध्यभागी द्रावक २ मिमी आणि कडेला ६ मिमी, असे होते. आत छोटी पेट्री डिश ठेवा आणि प्लेट तिच्यात उभी करा. ५.५ सेमी व्यासाच्या सपाट तळाच्या बरणीत ४ मिमी खोलीसाठी १० मिली द्रावक लागतो, ७ सेमीच्या बरणीत १५ मिली. ठिपक्यांची रेघ तळापासून १० मिमीवर ठेवली की ठिपके द्रावकाच्या बरेच वर राहतात. रेघ पेन्सिलनेच, आणि ती थरात रुतू न देता. बॉलपेनची शाई ठिपक्यांच्या आधी पळते.

द्रावकाची रेघ जवळजवळ सरळ, पण कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वर गेलेले, असे दिसले तर बरणीतली हवा द्रावकाच्या वाफेने भरलेली नाही. प्लेटच्या कडांवरून द्रावक उडतो, त्याची जागा घ्यायला खालून जास्त द्रावक ओढला जातो आणि तो ठिपक्याला बरोबर नेतो. बरणीच्या आत अर्ध्या घेराला गाळणकागद लावा, त्याचे खालचे टोक द्रावकात बुडू द्या, झाकण लावून बरणी एकदा हलवा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. मगच प्लेट घाला. प्लेट कागदाला टेकू देऊ नका. टेकली तर तिथून द्रावक थरावर उडी मारतो आणि रेघेला कुबड येते. पट्टीच्या कडेचा २ मिमी थर ब्लेडने खरवडून टाकला तरी कडेचा हा परिणाम बराच कमी होतो.

झाकण गळते आहे का हे घड्याळाने कळते. द्रावक चढण्याचे अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट अंतराला चौपट वेळ. द्रावकाच्या पृष्ठभागापासून ३ सेमी आणि ६ सेमीवर पेन्सिलच्या खुणा करा आणि दोन्ही वेळा टिपा. पहिली खूण दोन मिनिटांत गाठली तर दुसरी आठाच्या आसपास यायला हवी. अकरा-बारा मिनिटे लागली तर वाफ बाहेर जाते आहे. झाकणातला रबर-प्लास्टिकचा चकतीसारखा थर द्रावकाने फुगतो आणि विरघळतोही. तो काढून टाका आणि बरणीच्या तोंडावर दुहेरी ॲल्युमिनियम फॉइल घालून त्यावर झाकण फिरवा.

पावसाळ्यात आरएफ बदलतो

हा दोष हाताचा नाही, हवेचा आहे. सिलिकाची पकड तिच्या पृष्ठभागावरच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांमुळे असते. हवेतले पाणी तिथे जाऊन बसले की पकड ढिली होते आणि बहुतेक ठिपके वर सरकतात. ११० अंशांवरून काढलेली प्लेट दमट खोलीत उघडी ठेवली तर काही मिनिटांतच ओलावा घेते. ठिपके देण्याच्या वेळातच ती बदलते, म्हणून ‘मी प्लेट नीट तापवली होती’ हा बचाव पुरत नाही. नागपूरच्या मे महिन्यातली आणि रत्नागिरीच्या जुलैतली प्लेट एकाच डब्यातली असली तरी ती एकसारखी वागणार नाही.

प्लेट कोरडी ठेवण्याची धडपड घरी फारशी यशस्वी होत नाही. त्यापेक्षा ती नेहमी एकाच आर्द्रतेला आणून ठेवावी. हवाबंद डब्यात तळाशी मिठाचा ओला लगदा ठेवा. न विरघळलेले मीठ दिसत राहील इतकेच पाणी घाला. वर जाळीवर प्लेट्स आडव्या ठेवा, लगद्याला लागू न देता. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची आर्द्रता नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांच्या जवळ स्थिर असते. रात्रभरात प्लेट तिथवर येते. मॅग्नेशियम क्लोराइड मिळाले तर त्याच्या लगद्यावर ३३ टक्क्यांच्या आसपास राहते आणि ठिपके जास्त चांगले वेगळे होतात. पण बाहेर ९० टक्के आर्द्रता असताना डबा उघडला की ३३वरची प्लेट झरझर बदलते, ७५वरची फार कमी. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी मीठच वापरावे आणि ठिपके वर जातात म्हणून द्रावकातला ॲसिटोन ३ भागांवरून २वर आणावा.

याच्या जोडीला प्रत्येक प्लेटवर एक ओळखीचा ठिपका द्यावा आणि मोजमाप त्याच्याशी तुलना करून लिहावे. हळदीचा ॲसिटोनमधला अर्क यासाठी सोयीचा आहे. त्यात तीन पिवळे ठिपके वेगळे होतात, त्यातला सगळ्यात वरचा कर्क्युमिन. हेक्झेन आणि एथिल ॲसिटेट अर्धे-अर्धे घेऊन सुरुवात करा आणि ठिपके मध्यावर येईपर्यंत प्रमाण बदला. नमुना २.४ सेमी आणि कर्क्युमिन ३.२ सेमी चढला तर ०.७५ लिहा. नुसत्या आरएफपेक्षा हा आकडा ऋतू बदलल्यावरही बराच टिकतो.

ठिपक्यांचे आकार

शेपूट सुटणे बहुधा जास्त माल घातल्याने होते. १ टक्का द्रावणाचा एक मायक्रोलिटर, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, पुष्कळ झाला. ठिपका २-३ मिमीपेक्षा मोठा होऊ देऊ नका. फिका वाटला तर वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा द्या. माल कमी करूनही शेपूट राहिले आणि पदार्थ आम्ल असेल, तर द्रावकात शंभराला एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल घाला. व्हिनेगर नाही, त्यात बहुतांश पाणीच असते. मात्र खडू मिसळलेल्या प्लास्टरची प्लेट या द्रावकात टिकत नाही.

ठिपका कड्यासारखा, मध्ये रिकामा येतो तेव्हा तो पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. ॲसिटोन घ्या. ठिपक्याला दोन शिंगे फुटली तर केशनलिकेने थराला भोक पाडले आहे. घरचा थर तयार प्लेटपेक्षा मऊ असतो, म्हणून नलिका टेकवायची नाही, फक्त तिच्या टोकाचा थेंब टेकवायचा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना ठोकळे ठेवून वर फूटपट्टी आडवी टाकली की हाताला आधार मिळतो. नलिका ओढताना द्रवणांक काढायची केशनलिका दिव्यावर मऊ होईपर्यंत फिरवा, ज्योतीबाहेर काढा आणि मगच ओढा. ज्योतीत ओढली तर ती तुटते किंवा तोंड बंद होते. हे काम आदल्या दिवशी उरकून टाका. हेक्झेन आणि ॲसिटोनच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि लांबच्या ज्योतीनेही पेट घेतात. द्रावकाची बाटली उघडायची त्या खोलीत दिवा, शेगडी, देवघरातली समई, काहीही पेटते नको. स्वयंपाकघर तर नकोच.

न दिलेले ठिपके दिसणे

एक प्लेट नमुना न देता चालवा आणि आयोडीनच्या बरणीत ठेवा. द्रावकाच्या रेघेजवळ तपकिरी पट्टा आला तर झाकणाचे प्लास्टिक, टेपचा चिकटा किंवा हाताचे तेल द्रावकात उतरले आहे. बाजारातले नेलपॉलिश रिमूव्हर द्रावक म्हणून घेतले असेल तर त्यातले तेल आणि सुवासही असेच दिसतात. पेट्रोल तर अनेक हायड्रोकार्बनांचे आणि इथेनॉलचे मिश्रण असते, दोन खेपांचे सारखे नसते. द्रावकाच्या रेघेवर फिका पिवळा पट्टा दिसला तर सिलिकातल्या लोहाचा संशय घ्या. प्लेट आधी मिथेनॉलमध्ये वरपर्यंत चालवा, पुन्हा ११० अंशांवर सुकवा आणि मग वापरा. मिथेनॉल विषारी आहे, ते उघड्या हवेत किंवा खिडकीजवळच हाताळा, आणि प्लेट पूर्ण वाळल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका.

आयोडीनच्या बरणीत चार-पाच स्फटिक पुरतात. झाकण काचेचे ठेवा, धातूचे गंजते. बाहेर काढताच ठिपक्यांभोवती पेन्सिल फिरवा, रंग काही मिनिटांत उडतो. नोटा तपासायचा ३६५ नॅनोमीटरचा दिवा चालतो आणि त्याखाली कर्क्युमिन, क्लोरोफिल स्वतःच चमकतात. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते, तिचा जांभळा उजेडच फिके ठिपके झाकून टाकतो. २५४ नॅनोमीटरच्या जंतुनाशक नळीच्या वाटेला जाऊ नका. ती डोळे आणि त्वचा भाजते, आणि जी प्रतीच्या साध्या सिलिकात त्या प्रकाशाने चमकणारे द्रव्य नसल्यामुळे प्लेटवर काळे ठिपके दिसणारच नाहीत. तसे पाहायचे असेल तर ‘जीएफ २५४’ प्रतीची पावडर आणि सर्व बाजूंनी बंद असलेली पाहणीची पेटी, दोन्ही लागतात.